आजचा मुक्काम : दारू सुटतानाच्या पहिल्या दिवसांतली आशा आणि सोबत



मागच्या व्याख्यानात आपण इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न घेतला होता. त्यावर जी पत्रं आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : दारू. एका बाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. नवऱ्यानं दारू सोडून अकरा दिवस झाले, घरात सगळे श्वास रोखून बसलेत, आता पुढं काय? आजचं व्याख्यान या 'आता पुढं काय' वर आहे.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. औषध लिहून देण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि तसा आव आम्ही आणणार नाही. मग आम्ही यात बोलायचं कशाला? कारण दारू सोडलेल्या माणसापुढे अकराव्या दिवशी जे प्रश्न उभे राहतात, ते फक्त वैद्यकाचे नसतात. 'मला कळतं, तरी वळत का नाही?' 'माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार?' 'उद्याचं काय?' हे आमच्या विषयाचे सगळ्यात जुने प्रश्न आहेत.

आधी या प्रश्नाचा आवाका पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'नं देशभर एक पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासातून बाहेर पडायला मदतीची गरज आहे. पण त्याच अहवालातला आणखी एक आकडा आम्हाला जास्त बोलका वाटतो. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी कुठला तरी उपचार मिळतो तो एकाला. उरलेले सदतीस काय करत असतील? ते एकेकटे सोडायचा प्रयत्न करत असतात. घरात, गुपचूप, शपथा घेत. आज आपण बोलतोय ते प्रामुख्याने या सदतीसांबद्दल.

श्रावण पाळणं आणि दारू सुटणं

आपल्याकडे एक फार जुनी रीत आहे. आषाढी अमावस्येला, जिला लोक गटारी म्हणतात, मनसोक्त प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर श्रावण पाळायचा. वर्षभर रोज पिणारी माणसं श्रावणात थेंबाला शिवत नाहीत. मग श्रावण संपला की म्हणतात, "बघा, मी कधीही सोडू शकतो."

या युक्तिवादातली गफलत नीट पाहा. श्रावण पाळणाऱ्याला शेवटचा दिवस ठाऊक असतो, कॅलेंडरवर तो छापलेला असतो. म्हणजे माणूस दारू सोडत नाही, तो दारूची वाट पाहतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. श्रावणात तो एकटा नसतो. घरात कांदा-लसूण बंद, मटण बंद, बरोबरचे दोघेतिघेही 'पाळतायत'. "आज नको रे, श्रावण आहे" एवढं म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. त्याला जे श्रेय स्वतःच्या निश्चयाचं वाटतं, त्यातलं निम्मं तरी या सोबतीचं असतं. भाद्रपद लागला की ती सोबत उठून जाते. मग निश्चय एकटा पडतो, आणि एकटा पडलेला निश्चय फार दिवस उभा राहत नाही.

आजच्या व्याख्यानाचं सूत्र इथंच आहे. दारू 'बंद करणं' एकट्यानं जमू शकतं, 'सुटणं' मात्र सोबतीनं होतं. आणि आशा ही त्या सोबतीतूनच येते.

आधी शरीर

पण त्याआधी एक सावधगिरीची सूचना. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम दारू तोडणं शरीराला धोक्याचं ठरू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, ताप चढतो, आपण कुठं आहोत हे कळेनासं होतं. याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून "खोलीत कोंडून ठेवू, दोन दिवसांत उतरेल" हा घरगुती उपाय करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा टप्पा औषधांनी सुरक्षितपणे पार पडतो. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेलं नसतं आणि त्याची उणीव मेंदूला कायमची इजा करू शकते.

हा आठवडा संपला की घरच्यांना वाटतं, सुटला. खरं काम तेव्हा सुरू होतं.

संध्याकाळचे सात

दारू सोडल्यावर माणसाच्या हातात सगळ्यात आधी काय येतं? आनंद? तब्येत? नाही. हातात येतो वेळ, रिकामा, अंगावर येणारा वेळ. संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंतचे चार तास इतकी वर्षं दारूनं भरलेले होते. दारूची तजवीज, दारूची वाट, दारूचे मित्र, दारूची भांडणं. ते सगळं एका दिवसात उठलं, आणि तिथं ठेवायला दुसरं काही नाही.

त्यातच चव गेलेली असते. आम्ही जिभेच्या चवीबद्दल बोलत नाही. मेंदूला दारूच्या जोरावर सुख मिळवायची सवय लागलेली असते, त्यामुळे साध्या गोष्टींत रस वाटायला वेळ लागतो. झोप आठवडेच्या आठवडे नीट लागत नाही. घरचे म्हणतात, "आता तर पीत नाहीस, मग तोंड का पाडून बसतोस?" तोंड पाडून बसण्याचं कारण हेच की तो पीत नाही. दुःख बधिर करणारी वस्तू काढून घेतली आणि दहा वर्षांचं साठलेलं दुःख एकदम शुद्धीवर आलं.

वर शरम. मुलीच्या शाळेत घातलेला गोंधळ, बायकोचं मोडलेलं मंगळसूत्र, भावाचे बुडवलेले पैसे. पिताना या गोष्टी धूसर होत्या, आता लख्ख दिसतात. आणि पिणारी जर बाई असेल, तर तिच्या वाट्याला शरम दुप्पट येते. पुरुष प्यायला तर घरचे निदान लोकांना सांगतात. बाई पीत असेल तर घर तिला लपवतं, आणि लपवलेल्या माणसापर्यंत मदत पोचत नाही.

कळतं, पण वळत नाही

आता आमच्या विषयाकडे येऊ. 'कळतं पण वळत नाही' या आपल्या चार शब्दांत ग्रीक तत्त्वज्ञांचा एक मोठा वाद बसतो. सॉक्रेटिसाचं म्हणणं, खरोखर कळलं तर वळतंच. वळत नसेल तर कळलंच नाही. अ‍ॅरिस्टॉटलला हे पटलं नाही. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या सातव्या भागात तो म्हणतो की माणसाला ज्ञान असतं, पण वासनेच्या क्षणी ते ज्ञान हाताशी नसतं. झोपलेल्या किंवा प्यालेल्या माणसाकडे ज्ञान असावं तसं ते असतं. दृष्टांताला त्यानं प्यालेला माणूसच घेतलाय, हे लक्षात घ्या. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हेच विचारतो. मनात नसताना, कुणी जबरदस्तीनं ढकलावं तसा माणूस पापाकडे का जातो?

म्हणून दारुड्याला दारूचे तोटे समजावून सांगण्याचा उपयोग फार थोडा. तोटे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसतात. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे. दारूची पकड कशी घट्ट होत जाते याचं त्यानं केलेलं विश्लेषण आजच्या मानसशास्त्राच्या वर्गात शिकवावं असं आहे. त्या विश्लेषणानं तो वाचला नाही. हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा सुधाकरानं जायचं कुठं, याला समाजाकडे उत्तर नव्हतं. रामलाल त्याचा जिवलग मित्र होता, सिंधू पतिव्रता होती. प्रेमाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती त्याच वाटेवरून जाऊन परत आलेल्या एका माणसाची.

ज्ञान पुरत नाही, मग निश्चय पुरेल का? इथं ग्रेगरी बेटसन या विचारवंताचा १९७१ सालचा एक निबंध आम्हाला फार मोलाचा वाटतो. बेटसन मूळचा मानववंशशास्त्रज्ञ. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : दारुड्याला आपण निश्चयाचा दुबळा समजतो, पण त्याचा खरा आजार त्याच्या निश्चयाच्या कल्पनेतच आहे. त्यानं स्वतःचे दोन तुकडे केलेत. एक 'मी', आणि दुसरी ती बाटली, शत्रू. आता ही कुस्ती. 'मी हिला हरवीन.' दोन महिने प्यायला नाही म्हणजे तो जिंकला. मग जिंकलेल्या पैलवानाला खुमखुमी येते : एक पेला घेऊन दाखवतो, बघू काय होतं ते. म्हणजे ज्या अभिमानाच्या जोरावर तो सोडतो, तोच अभिमान त्याला परत प्यायला नेतो. यातून सुटका कुस्ती जिंकून होत नाही, आखाड्यातून बाहेर पडून होते. 'हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही' हे वाक्य ऐकायला पराभवाचं वाटतं, पण या आजारात ते पहिलं खरं वाक्य असतं.

अक्रनमधली भेट

हे वाक्य एका माणसाला कसं सापडलं, त्याची हकिगत जगप्रसिद्ध आहे. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपल्या विषयाचं मर्म आहे.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अक्रन हे गाव. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कामासाठी तिथं आला होता. काम फिसकटलं, खिसा जवळपास रिकामा. तो मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझारा घालत होता, आणि एका बाजूच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. त्या महिन्यांत त्यानं न्यूयॉर्कमध्ये अनेक दारुड्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता. सुधारला एकही नाही. पण त्या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता. हॉटेलात ते त्याला आठवलं. त्याला त्या क्षणी दुसरा दारुडा हवा होता, त्या माणसाला वाचवायला नव्हे, स्वतः वाचायला.

त्यानं चर्चच्या लोकांना फोन करायला सुरुवात केली आणि एकातून दुसरा दुवा मिळत एका बाईंमार्फत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोचला. डॉ. बॉब यांनी पुष्कळ उपदेश ऐकलेले होते. भेटायला तयार झाले ते पंधरा मिनिटांच्या बोलीवर. बोलणं चाललं सहा तासांच्या वर. का? कारण बिलनं उपदेश केलाच नाही. आपल्या स्वतःच्या डॉक्टरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की प्रवचनं बंद कर. त्यानं फक्त स्वतःचं काय झालं ते सांगितलं. समोरचा माणूस दारूविषयी वाचून बोलत नाही, भोगून बोलतोय, हे डॉ. बॉबना पहिल्यांदा अनुभवाला आलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. काही दिवसांनी डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथं पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांना पुन्हा सावरण्यात आलं. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा जन्मदिवस मानतात. म्हणजे या संघटनेचा आरंभ पहिल्या भेटीच्या विजयापासून मोजत नाहीत. घसरून परत उठल्यापासून मोजतात. आणखी एक गोष्ट डॉ. बॉब यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दारू सुटल्यानंतरही जवळपास अडीच वर्षं त्यांची तलफ फारशी कमी झाली नव्हती. ज्यांना सोडून अकरा दिवस झालेत आणि अजून तलफ येते म्हणून जे निराश झालेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. तलफ येणं म्हणजे हरणं नव्हे. तलफ येऊनही ज्या दिवशी प्यायलो नाही, तो दिवस पुरा मिळवलेला.

भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली. आज मुंबई-पुण्यात, तालुक्याच्या गावांतही, शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये मराठीतून मीटिंगा भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. 'दारू सोडायची इच्छा' एवढीच सभासदत्वाची अट.

आशा आणि आस

आता आशेबद्दल. आपल्या परंपरेत आशेचं नाव फार चांगलं नाही. संत तिला तृष्णेच्या पंगतीत बसवतात, बेडी म्हणतात. पाश्चात्त्यांत स्पिनोझाही तिच्याकडे संशयानंच पाहतो. त्याच्या मते आशा म्हणजे अनिश्चित गोष्टीच्या कल्पनेतून आलेला डळमळीत आनंद. जिथं आशा तिथं भीती असायचीच. दारू सोडणाऱ्याच्या घरातली आशा अगदी अशीच असते. तो दहा मिनिटं उशिरा आला की सगळ्यांची छाती धडधडते. त्याच्या तोंडाचा वास घेतला जातो.

पण गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञानं आशेचे दोन प्रकार वेगळे केले. एक, 'अमुक होईल अशी' आशा. हिला आपण अपेक्षा म्हणू. 'दिवाळीपर्यंत हा पूर्ण सुधारेल.' तारीख चुकली की ही आशा मरते. दुसरी, कुठल्याही निकालाला न बांधलेली, माणसावर ठेवलेली आणि 'आपल्या'साठी ठेवलेली आशा. तिच्यात 'मी' आणि 'तू' सुटे नसतात. मार्सेलच्या लेखी निराशा आणि एकाकीपणा या जवळपास एकच गोष्ट, आणि आशा नेहमी कुणाच्या तरी सोबतीची असते.

मराठीनं हा भेद एका अक्षरात केलाय. संतांनी 'आशा' त्याज्य मानली, पण पंढरीच्या भेटीची 'आस' कुणी त्याज्य मानली नाही. आशा काहीतरी मिळवायला निघते. आस कुणाला तरी भेटायला निघते.

आणि वारी पाहा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. अठरा-वीस दिवसांची चाल. वारकरी पहिल्या दिवशी अडीचशे किलोमीटरचा विचार करत बसला तर दिवे घाटातच बसेल. तो आजचा मुक्काम पाहतो. शिवाय तो एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. पाय थकले तरी टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडत राहतं. आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी माणसांची दारू 'माळ घालून' सुटली. त्यात श्रद्धेचा भाग आहेच, तो आम्ही नाकारत नाही. पण त्या जोडीला काय मिळालं ते मोजा. संध्याकाळचे सात ते नऊ भरायला भजन. दारूच्या मित्रांच्या जागी माळकरी मित्र. 'बेवडा' या नावाच्या जागी 'माउली' हे संबोधन. नवी वेळ, नवी माणसं, नवं नाव. अक्रनच्या संघटनेनं 'फक्त आजचा दिवस' हे जे सूत्र धरलं, ते आमच्या वारकऱ्याच्या पायांना आधीपासून माहीत होतं.

रुग्ण आणि रुग्णमित्र

पुण्यातलं 'मुक्तांगण' आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्यानं. तिथं दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हणायची पद्धत आहे. शब्दाची ही निवड साधी नाही. 'रुग्ण' म्हटल्यानं गुन्हेगारपण जातं, 'मित्र' म्हटल्यानं एकटेपण जातं. आणि तिथं काम करणाऱ्यांत बरे झालेले व्यसनी मोठ्या संख्येनं असतात. पहिल्या दिवशी थरथरत्या हातांनी आलेल्याला चहाचा कप देणारा माणूस काही वर्षांपूर्वी तसाच थरथरत आलेला असू शकतो. तो काही बोलला नाही तरी चालतं. तो समोर उभा आहे, हाच पुरावा.

आम्ही याला उसनी आशा म्हणतो. सुरुवातीच्या दिवसांत माणसाकडे स्वतःची आशा नसते, आणि ती त्याच्याकडे मागूही नये. 'सकारात्मक विचार कर' असं सांगणं म्हणजे रिकाम्या डब्यातून पीठ मागणं. शेजारून वाटीभर साखर आणावी तशी त्यानं दुसऱ्याकडून आशा आणायची. तो माणूस सुटला, म्हणजे सुटता येतं, एवढीच. पुढं स्वतःच्या घरात भरली की कुणाला तरी वाटीभर द्यायची. गंमत अशी की या व्यवहारात देणाऱ्याचं कमी होत नाही, उलट बिल विल्सनसारखं देण्यातच त्याचं टिकतं.

हे सगळं भाबडं वाटत असेल तर एक गोष्ट नोंदवतो. २०२० मध्ये 'कॉक्रेन' या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेनं या पद्धतीचा आढावा घेतला. २७ अभ्यास, साडेदहा हजारांवर माणसं. निष्कर्ष असा की रुग्णाला अशा गटांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार, पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा काहीसे सरस ठरले. सगळ्यांनाच गुण येतो असा याचा अर्थ नाही. तलफ कमी करणारी नालट्रेक्झोन, अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत, समुपदेशन आहे, सोबत नैराश्य असेल तर त्याचा वेगळा उपचार आहे. गट आणि औषध यांत भांडण लावायचं कारण नाही.

घरच्यांसाठी

घरच्यांना आम्ही तीन गोष्टी सांगू.

एक. पहारा आणि सोबत यांत फरक आहे. खिसे तपासणं हा पहारा. संध्याकाळी सात वाजता "चल, भाजी आणायला जाऊ" म्हणणं ही सोबत. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार दारांनी दारू परत येते, असं या वाटेवरचे लोक सांगतात. यांतली दोन दारं वेळेवर जेवण आणि वेळेवर झोप यांनी बंद होतात.

दोन. विश्वास मागून मिळत नाही आणि मागू पण नये. बायकोचा विश्वास बारा वर्षं तुटत होता, तो बारा दिवसांत कसा सांधेल? तिला 'आता तरी विसर' म्हणणं अन्याय आहे. त्यानं 'विश्वास ठेव' म्हणण्याऐवजी 'सात वाजता येतो' म्हणावं आणि सात वाजता यावं. लहान शब्द, पाळलेला. असे शंभर लहान शब्द जमले की मोठ्या शब्दाची गरज राहत नाही.

तीन. घरच्यांनाही गट हवा. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकारानं १९५१ मध्ये 'अल-अ‍ॅनॉन' ही कुटुंबीयांची संघटना उभी राहिली, आणि 'मुक्तांगण'नंही पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला. नवऱ्याची दारू सुटली की बायकोचा त्रास आपोआप सुटत नाही. तिनंही वर्षानुवर्षं लपवलं, सावरलं, खोटं बोलून वेळ मारून नेली. तिलाही आपलं ऐकणारी, तेच भोगलेली बाई भेटली पाहिजे.

आणि घसरला तर? घसरणं टाळायचंच, त्याला हलकं समजू नये. पण घसरला म्हणून शंभर दिवस शून्य होत नाहीत. दिंडीतला माणूस पाय मुरगळून एक दिवस मागं राहिला तर कुणी त्याला आळंदीला परत पाठवत नाही. त्यानं लपवू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. पेला जेवढं नुकसान करतो, त्याहून जास्त नुकसान तो लपवण्यानं होतं.

प्रश्नोत्तरं

*श्रोता : आमचा मुलगा देवधर्म मानत नाही. मीटिंगमध्ये 'उच्च शक्ती'ची भाषा ऐकून तो एकदाच गेला आणि परत आला.*

त्याचा आक्षेप प्रामाणिक आहे, त्याची टिंगल करू नका. त्या संघटनेतही 'ज्याला जशी उमजेल तशी' ती शक्ती असं म्हटलंय. कितीतरी नास्तिक सभासद त्या गटालाच ती शक्ती मानतात. वीस माणसं मिळून माझ्या एकट्यापेक्षा बलवान आहेत, हे मान्य करायला देव लागत नाही, अंकगणित पुरतं. तरीही नको वाटलं तर मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, एखाद्या केंद्राचा पाठपुराव्याचा गट, हे मार्ग आहेत. शिवाय एक मीटिंग पटली नाही तर दुसऱ्या गावची पाहावी. सगळ्या दिंड्यांची चाल सारखी नसते. दार कुठलंही निवडू दे, फक्त दाराआड एकटा बसू देऊ नका.

*श्रोती : मी स्वतःच सोडून तीन आठवडे झालेत. घरी कुणालाच माहीत नव्हतं की मी पिते. आता कुणाला सांगू?*

बाई, तुम्ही आत्ता सांगितलंत. अवघड पायरी झाली. आता दुसरं माणूस असं निवडा की जे धक्का बसून रडणार नाही आणि लगेच सल्लेही देणार नाही. ते घरचंच असावं असं नाही. आधी डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस' १४४१६ आहे. दोन्ही विनाशुल्क. बायकांचा गट मिळाला तर उत्तम. तीन आठवडे तुम्ही हे ओझं एकटीनं उचललंत, यातून तुमची ताकद दिसते. पण एकटीनं उचलत राहणं ही आता ताकदीची खूण नव्हे.

समारोप

ज्या बाईंच्या नवऱ्याला सोडून अकरा दिवस झाले, त्यांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. पुढं काय, तर बारावा दिवस. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तो कुठं असेल आणि कुणाबरोबर असेल, एवढं ठरवा. वर्षाचं ठरवू नका. आणि त्याच दिवशी तुम्ही स्वतः कुणाशी बोलणार आहात, तेही ठरवा.

पुढच्या वेळी आपण क्षमा या विषयाकडे वळू. केलेलं विसरायचं नाही आणि तरी क्षमा करायची, हे शक्य आहे का, ते पाहू.

इथं थांबतो.